पेन्सिलीचं शेत

नामांतराच्या त्या वर्षांत आम्हा पोरांना दोनच गोष्टी धड यायच्या. पत्रक काढणं आणि कचेरीच्या पायरीवर ठाण मांडणं. परभणीच्या एका कचेरीत जमिनीचं दप्तर भरायला कॉम्प्युटर येणार, असं कानावर आलं आणि मी लगेच पत्रक लिहिलं: ‘यंत्र कशाला? जमीन द्या!’ लिहून बरं वाटलं. मावशीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. त्या मशीनमंदी माजं नाव जातंय का, ते बघ."

काका गेल्यापासून मावशी गायरानाचा एक तुकडा कसत होती. कुठं कुणी काय पेरलं त्या पेऱ्याच्या वहीत तलाठी दरसाल तिचं नाव लिहायचा, पण पेन्सिलीनं. गायरान कसणारी आमची सगळी वस्तीच पेन्सिलीत होती. शाई मालकांना. गावातल्या कुणी डोळे वटारले की रबर फिरवायला सोपं! आणि सरकार तर म्हणत होतं, जुनी वहिवाट दाखवा, जमीन नावावर करू. मावशीजवळ दाखवायला तेवढी पेन्सिलच होती.

ताडकळसच्या बाजारात तलाठ्याला गाठलं.

"वह्या परभणीला गेल्या," तो म्हणाला. "पक्कं तेवढंच चढवायलेत. पेन्सिल कच्ची."

"मग शाईनं लिवा की!"

"लिवतो. अन् नोकरी गेल्यावर मी खातो काय, तुजी पत्रकं?"

दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन चुडाव्याहून पॅसेंजर धरली. पिंगळीला गाडी रखडली. मी खाली उतरायचो, वर चढायचो, पुन्हा उतरायचो. मावशी म्हणाली, "बूड टेक की एका जागी. तू फिरल्यानं गाडी चालती व्हय?"

कचेरीत बाकी सगळीकडे छत गळत होतं, पण त्या एका खोलीत गालिचा, थंड हवेचं यंत्र, दाराला पडदा. कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलेलं. दारात शिपाई.

"चपला भाईर काढा."

माझं डोकंच सणकलं. देवळाच्या पायरीवर ऐकलं तेच इथंही ऐकायचं? मी भांडायला तोंड उघडलं, तोवर मावशी आत शिरलीसुद्धा.

"ओ बाई, चपला!"

"न्हाईतच की रे बाबा. काय काढू?"

काळ्या मातीचे पाय घेऊन ती गालिच्यावर मशीनपुढंच बसली. टाईप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. आतून साहेब आले.

मी म्हणालो, "शेतात येऊन बघा कोण कसतंय ते, आणि तसं चढवा."

"निधी टायपिंगचा आलाय," साहेब म्हणाले. "शेतात जाऊन चौकशी करायला एक पैसा नाही. आणि आलाय तो मार्चअखेर संपवायचा, नाहीतर परत जाईल."

"गालिच्याला होता पैसा?"

"धूळ चालत नाही मशीनला."

"आमी बी चालत न्हाई का?" मावशीनं खालूनच विचारलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आमच्या गावच्या वह्यांचं बासन टेबलावर आपटलं. "हे बघा, शाईतलं आहे तसं भरू द्या. नाहीतर तुमचं गाव मागं ठेवतो. पुन्हा निधी कधी येईल, मला विचारू नका."

गाव मागं राहिलं तर वस्तीत लोक म्हणतील, पोरानं आलेलं काम घालवलं. शाईतलं भरलं तर मावशी कायमची शेताबाहेर. मी मावशीकडं पाहिलं. तिनं बासनावर पंजा ठेवला होता.

"ऱ्हाऊ द्या मागं, सायेब. वहीत निदान खोडल्यालं तरी दिसंल, मशीनमंदी त्ये बी न्हाई."

साहेबांनी बासन उचलून कपाटावर टाकलं. मुलीनं पुढच्या गावचं बासन सोडलं. गालिच्यावर मातीचे डाग तसेच राहिले. शिपाई ते झाडत होता आणि ते आणखी पसरत होते.

वह्या तलाठ्याकडं परत आल्या. मावशीनं त्या साली ज्वारी पेरली, पुढच्याही साली. मला मात्र चैन नाही. पेन्सिल आपसूकही पुसट होते, हे यंत्रवाल्यांना ठाऊक असणार. आजही ताडकळसच्या बाजाराला गेलो की मी आधी तलाठ्याच्या खोलीत घुसतो आणि त्याला पान उघडायला लावतो.

"हाय ना रं?" बाहेरून मावशी विचारते.

"हाय."

"मग चल. बी घ्यायचंय."