तिनं देऊन टाकलेलं झाड

आमच्याकडच्या किल्ल्यांबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. चढू द्या. शाळेच्या पुस्तकात किल्ला म्हणजे सह्याद्री, आणि गोंड राजांनी वैनगंगेच्या पलीकडे जे बांधलं ते म्हणजे झुडपं! अशाच एका किल्ल्याची डागडुजी करा म्हणून मी आणि माझा मित्र ब्रह्मपुरीच्या बाजारात पत्रकं वाटत फिरलो होतो. शेवटी काम निघालं. ते पाहायला आम्ही मार्चमधल्या एका सकाळी मोटरसायकलनं गेलो.

खंदक कोरडा होता, तटावर पळस फुलला होता, आणि आत शिरल्याबरोबर मोहफुलांचा तो गोड, जड वास. किल्ल्यात मोहाची झाडं बरीच आहेत. ती कुणी लावलेली नाहीत, पण प्रत्येक झाड गावातल्या एकेका घराचं आहे. कागद नाही, सातबारा नाही. ज्याच्या आजीनं तिथं फुलं वेचली त्याचं ते झाड, दुसरं कुणी त्याखाली वाकत नाही. फुलं पडायच्या आधी बुंध्याभोवतीचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे फूल स्वच्छ मिळतं.

मोठ्या बुरुजाजवळच्या मोहाखाली एक म्हातारी बाई टोपलं घेऊन बसली होती. समोर ठेकेदाराचा सुपरवायझर उभा, झाडं कापायचं मशीन आणि दोन माणसं घेऊन. बाहेरगावचा होता. मेलेली झाडं काढून टाका, असा त्याला हुकूम. आता मोह या दिवसांत पानं गाळून नुसता उभा असतो, त्यात बुंधा जळून काळा. त्याच्या हिशेबानं किल्ल्यातले सगळेच मोह मेलेले होते.

“मेलेलं झाड फुलं टाकते का रे भाऊ?” बाई म्हणाली. “तुह्या डोक्यावर बी केस नाई. तू मेला का?”

मशीनवाला फसकन हसला. सुपरवायझरनं टोपी सारखी केली. “मावशी, मला काम संपवायचंय. झाड तुझं आहे तर कागद दाखव.”

“झाडालेच इचार ना, कोनाचं आहे तं.”

मी मध्ये पडलो. वनहक्क, ग्रामसभा, सगळं एका दमात ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “हे भाषण साहेबांना द्या. साहेब थांब म्हणाले तर थांबतो.”

साहेब, म्हणजे हे काम काढणारे अधिकारी, बसतात जिल्ह्याच्या गावी, आणि फोनला रेंज फक्त बुरुजावर. “जा तुम्ही,” बाई म्हणाली, “मी हाव इथी.” नंबर मित्राच्या फोनमध्ये होता म्हणून तोही माझ्याबरोबर चढला. एकानं खाली थांबावं, एवढी साधी गोष्ट दोघांनाही सुचली नाही.

फोन लागेना. लागला तर उचलेना. उचलला तेव्हा मी जे बोललो त्यातलं निम्मं कुठल्याच पत्रकात छापता येणार नाही. साहेबांनी मात्र ऐकून घेतलं. “म्हणजे नुसती पानं गळलीत? बरं. एकाही मोहाला हात लावायचा नाही म्हणून सांगा त्याला. नंतर मी बोलतो.”

मित्रानं मला मिठीच मारली. आणि खालून मशीनचा आवाज आला.

ढासळलेल्या पायऱ्यांवरून घसरत, ढोपरं फोडून घेत आम्ही उतरलो, तोवर झाड आडवं झालं होतं. मी सुपरवायझरच्या अंगावर गेलो. तो मागे सरकत म्हणाला, “मावशीनंच हो म्हटलं. विचारा तिला.”

“माह्याच बोलन्यानं कापलं,” बाई म्हणाली. “तुमचा फोन लागून नाई राह्यला होता. दिसत होतं मले, वरतं हात उचलून फिरून राह्यले होते. हा मानूस वाट पाहून पाहून कंटायला होता. दुसऱ्या झाडापासून सुरू करतो म्हने. मी म्हटलं, माहं एक घे, बाकीचे सोड. बाकीच्या घरी लेकरं हायेत. माहं का, एकटीचं पोट.”

ती रडत नव्हती. आडव्या फांद्यांवर कळ्यांचे घोस तसेच होते. ते आता कधीच गळणार नव्हते. तिनं फांद्या बाजूला सारून खालची फुलं वेचायला घेतली. “उभे काऊन? फुलं तुडवता. बसा.”

आम्ही बसलो. त्याआधी साहेबांचा निरोप मी सुपरवायझरच्या कानात सांगितला होता. त्यानं टोपी काढून तोंड पुसलं, माणसं गोळा केली आणि निघून गेला.

बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. “बोलला तसा वागला,” ती म्हणाली. “एकच घेतलं.”

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. खरं तोंडावर फेकायची मला सवय आहे, त्यापायी मी नातेवाईक गमावलेत, मार खाल्लाय. तेव्हा मात्र मी मान खाली घालून फुलं वेचत राहिलो.

नंतर त्या गावात कितीदा तरी गेलो. मोहाच्या दिवसांत ज्या घरांची झाडं वाचली ती घरं तिच्या दारात आपल्यातली ओंजळ-ओंजळ फुलं ठेवून जातात, आणि ती ताठ मानेनं घेते. तिच्या अंगणात बसून मी चहा पितो. साहेबांनी सगळीच झाडं सोडली होती, तिचंसुद्धा, हे अजून तिला सांगितलेलं नाही.