तीनदाताईंचं तिसरं वजन

अर्धा किलो गवार तीनदा तोलून घेणारी बाई पंचवटीच्या भाजीबाजारात मी एकच पाहिली. "काकू, सोनं घेताय का?" भाजीवाला वैतागून विचारायचा. "सोनं असतं तर पाचदा तोलायला लावलं असतं," असं म्हणत त्या शांतपणे पिशवी पुढे करायच्या.

आमच्या फार्मसी कॉलेजात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. 'तीनदाताई' हे नाव आम्हा विद्यार्थ्यांचं, अर्थात पाठीमागे घ्यायचं. त्यांचे वडील मनमाड स्टेशनात पार्सलं तोलायचे, तिथूनच ही खोड लागली असं त्या सांगत. "एकदा मोजलं तर खरं वाटत नाय, दोनदा मोजलं की शंका येते, तिसऱ्यांदा मोजलं की झोप लागते."

माझी झोप मात्र त्यांनी उडवली. ठिसूळ हाडांवरचं एक औषध मी पांढऱ्या उंदरांना देऊन पाहिलं होतं. त्यांच्या मांडीच्या हाडांची घनता तीन तऱ्हांनी मोजायची आणि कोणती तऱ्हा किती भरवशाची ते ठरवायचं, हा माझा प्रबंध. यंत्रात स्कॅन झाला होता, हाडं पाण्यात बुडवून वजनं झाली होती. उरली होती भट्टी. तिच्यात हाड जाळून राख तोलायची होती. प्रबंध द्यायला आठ दिवस होते.

यंत्र म्हणत होतं, औषधाने थोडा फरक पडलाय. पाणी म्हणत होतं, भरपूर! मी अर्थातच पाण्याच्या बाजूने. भट्टी तापवून मी हाडांचा ट्रे उचलला, तर ताई आडव्या आल्या.

"पाण्यातलं वजन कितीदा घेतलंस?"

"एकदा. ताई, वेळ कुठंय?"

"राख झाल्यावर पुन्हा काय मोजशील? ठेव तो ट्रे."

मी जाम चिडले. त्यांनी एक हाड पाण्यात सोडलं आणि वाकून बघत राहिल्या. "हे बघ, याला लय बुडबुडे चिकटलेत." ते औषध न दिलेल्या उंदराचं हाड होतं. जास्त सच्छिद्र, म्हणून आत हवाही जास्त अडकलेली. त्या हवेमुळे ते पाण्यात उगाच हलकं भरत होतं. माझ्या औषधाची निम्मी करामत बुडबुड्यांची निघाली. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? आधी भट्टी बंद कर."

मग बंद बरणीत पंपाने हवा ओढून एकेक हाड पाण्यात मुरवलं. प्रत्येकाची तीन वजनं. त्यात सहा दिवस गेले आणि सातव्या दिवशी भट्टी पेटली. तिन्ही तऱ्हांचे आकडे वेगळे होते, पण कौल एकच आला. औषधाने फरक पडतो, बेताचा. बेताचा का होईना, खरा! मी प्रयोगशाळेतच उडी मारली. ताईंना मिसळ खायला नेलं, तर तिथे त्यांनी रस्साही तीनदा मागवला.

आता मी तिथेच शिकवते आणि मुलं माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. यंदा ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी माझा जुना प्रबंध त्यांच्या हाती दिला. ऋणनिर्देशात पहिलं नाव त्यांचं होतं. इतकी वर्षं ते त्यांना दाखवायचं राहून गेलं, याची मला लाज वाटत होती.

त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले.

"आज झोप लागंल गं," म्हणाल्या.