वहिनींची फटफटी आणि दोन मिनिटांची स्तब्धता

वहिनी नवऱ्याच्या आठवणीत गाडी चालवत नव्हत्या. त्यांना मजा यायची म्हणून चालवायच्या.

एवढंच मला काल मोर्शीच्या शोकसभेत सांगायचं होतं.

सांगू दिलं नाही. म्हणून इथे लिहितो. ज्यांना झोंबेल त्यांनी खुशाल अनफॉलो करावं.

माझा थोरला भाऊ, दादा, गेला तेव्हा त्याची जुनी फटफटी संत्र्याच्या खोक्यांमागे पडून होती. टायर बसलेले, टाकीत गंज. घरातल्या पुरुषांनी एकमताने ठरवलं, भंगारात द्या.

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. मी दुरुस्त करून घेते."

गाडी अकोल्याच्या मिस्त्रीकडे गेली. पार्ट मिळता मिळेनात. पावसाळा गेला, दिवाळी गेली. परत आली ती काळीभोर होऊन, टाकीवर सोनेरी रेघ, आणि आवाज असा की गल्लीतली म्हातारी माणसं दादाला बघायला बाहेर आली.

"भाऊजी, मले शिकवता का?"

"वहिनी, मला भाषण येतं. फटफटी नाही."

"मंग भाषण नका देऊ. नुसते मागून धरा."

वहिनींना स्कूटीची, म्हणजे हातातल्या ब्रेकची सवय. या गाडीचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ब्रेक म्हणून गिअरच दाबायच्या आणि गाडी आचका देऊन बंद पडायची. किक उलटून नडगी सुजायची.

तरी रोज निघायच्या. आधी टाकीला हात लावून नमस्कार. मग ओठ आवळून, पाठ ताठ ठेवून, प्रदक्षिणा घालावी तशी गावाबाहेरून एक फेरी. परत यायच्या तेव्हा डोळे लाल.

कुणीतरी तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. "धन्य ती पत्नी." "दादांची आठवण जपली."

तोवर सगळं ठीक होतं. बाई रडत होती ना!

मग एका सकाळी आम्ही अमरावतीच्या रस्त्याला लागलो. मी मागे. दोन्हीकडे बागा फुललेल्या, संत्र्याच्या फुलांचा वास नाकात मावेना. एका वळणावर वहिनी पहिल्यांदा गाडीसोबत झुकल्या. सरळ झाल्या आणि मोठ्याने हसल्या. पुढचं वळण आलं, पुन्हा झुकल्या, पुन्हा हसल्या.

चहाच्या टपरीवर थांबलो तर एकदम गप्प.

"काय झालं?"

"भाऊजी, आज मले त्यायची आठवणच नाही आली."

मी चहाचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"वाईट आहे का मी?"

"नाही."

"मंग उद्या परत येऊ."

त्या दिवसापासून टाकीचा नमस्कार बंद. गाडीला रोज नवं कारण. कार्बोरेटर साफ करायचा म्हणून अकोला. मिस्त्री म्हणे, "भाभी, कचरा तो है ही नहीं इसमें." वहिनी म्हणत, "तरी बी पाहा एकडाव."

हसणाऱ्या वहिनींचाही व्हिडिओ ग्रुपवर आला. एक इमोजी नाही. संध्याकाळी आमच्या काकांनी लिहिलं, "वय काय, वागणं काय."

मला आजवर या समाजाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि मी रागावरच आयुष्य काढलेला माणूस आहे. विधवेनं दुःखासाठी काहीही केलेलं तुम्हाला चालतं. तिच्या अश्रूंना तुम्ही पेट्रोलसुद्धा भरून द्याल. तिला नुसतं बरं वाटलं, की तुमचे संस्कार धोक्यात!

एकदा आम्ही थेट बार्शीटाकळीला माझ्या ताईकडे गेलो. माझी कंबर मोडली, वहिनींचा चेहरा धुळीने माखलेला आणि हसू कानापर्यंत. ताईच्या ओसरीवर शेजारणी बसलेल्या. ताई त्यांच्यादेखत म्हणाली, "दादा जाऊन अजून काही जमाना नाही झाला. हे हसणं शोभते का तुले?"

वहिनी हेल्मेट काढत म्हणाल्या, "रडत आली असती तं अॅक्सिडेंट झाला असता, ताई. चहा ठेवता का?"

वहिनी मागच्या आठवड्यात गेल्या. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, हार्ट अटॅकने. गाडी तेव्हा अंगणात उभी होती. तरी मयतीला आलेले दोघे म्हणालेच, "गाडीनंच नेलं."

काल शोकसभा. स्टेजवर फटफटी. पेट्रोल काढलेलं. टाकीवर दादाचा फोटो, त्याला हार. वहिनींचा फोटो बाजूच्या स्टुलावर.

प्रत्येक वक्त्याने पतिनिष्ठेवर प्रवचन दिलं. अध्यक्षस्थानी काका. माझं नाव पुकारण्याआधी कानाशी आले, "तू बोल, पण ते मजाबिजा नको काढू. दादाच्या आठवणीचं बोल. तुले तं बोलता येते."

मी माईक धरला. म्हणालो, "आमच्या वहिनींना ही गाडी चालवताना फार मजा..."

काका दुसऱ्या माईकवर उठून उभे. "वेळेअभावी आता आपण सर्व जण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सगळे उभे राहिले. माना खाली.

आयुष्यभर सभा गाजवल्या. पोलिसांनी माईक ओढला, तरी थांबलो नाही. पण वहिनींसाठी उभ्या राहिलेल्या माणसांवर ओरडायचं कसं? इतक्या सभ्यपणे माझं तोंड आजवर कुणी बंद केलं नव्हतं.

सभा संपली. लोक चहाकडे वळले. ताई माझ्याजवळ आली.

"ती खरंच हसे का रे, रस्त्यानं?"

"हो. जोरात."

"त्या दिवशी निघताना मले म्हणे, ताई, बसा मागं, नदीपर्यंत नेऊन आणते."

"मग?"

"मी म्हटलं, लोक पाहून राहिले."

"तुला बसायचं होतं?"

ताईने पदराने तोंड पुसलं आणि खुर्च्या गोळा करायला लागली.

वहिनी, तुम्हाला माझी श्रद्धांजली.
भावपूर्ण आहे. आणि संतापलेलीही.