हात धुतले होते का?

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. हिंगोलीच्या जनाना दवाखान्यात आम्ही दोघी सुइणीचं काम शिकत होतो. मी कुरुंद्याकडची, विसाव्या वर्षी विधवा झालेली. दुसरी वसमतच्या एका कापड व्यापाऱ्याची मुलगी, माझ्याहून लहान आणि अबोल.

डॉक्टरीणबाईंनी पहिले पंधरा दिवस आम्हाला बाळंतिणीजवळ फिरकू दिलं नाही. फक्त हात धुणं. बांगड्या काढा, नखं कापा, कोपरापर्यंत साबण लावा, ब्रशनं घासा, उकळलेलं पाणी घ्या, मग जंतू मारणाऱ्या कार्बोलिकमध्ये हात बुडवा. बांगड्यांचा नियम मला सोपा होता. माझे हात मोकळेच होते. बाई विचारायच्या आणि मी घडाघडा म्हणून दाखवायची. व्यापाऱ्याची मुलगी अडखळायची. बाई तिला म्हणायच्या, "हिच्याकडून शिक."

पौषातल्या एका दुपारी बाई कळमनुरीला गेल्या होत्या. मी एका बाईच्या छातीवरचं गळू धूत होते. पू बराच होता. तेवढ्यात कनेरगावाकडून बैलगाडी आली. बांगड्या विकणाऱ्या मणियाराची सून, पहिलटकरीण, कळा देऊन थकलेली. सोबत सासू होती.

चूल विझली होती. पाणी गार पडलं होतं. थंडीनं माझ्या हातांना भेगा पडल्या होत्या आणि कार्बोलिक लागलं की आग व्हायची. मी गार पाण्यानं साबण फिरवला, हात पदराला पुसले आणि तिला तपासायला बसले.

व्यापाऱ्याची मुलगी दारात होती. "हात?" तिनं विचारलं.

"धुतले की."

मुलगा झाला. सासूनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला हुडहुडी भरली. मग ताप. पोट फुगलं, हात लावू देईना. बाईंनी त्यांच्याजवळ होतं ते सगळं केलं. मला बोलावून विचारलं, "तपासलं कोणी?"

"मी."

"हात धुतले होते?"

"व्हय. बराबर धुतले होते."

व्यापाऱ्याची मुलगी खाली बघत राहिली. आठव्या दिवशी सकाळी ती बाळंतीण गेली. शेवटी ती शुद्धीत नव्हती, तरी लेकरू रडलं की तिचा हात चाचपडायचा.

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी मी बाईंना खरं सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "तुला सगळं पाठ होतं. ते येत नसतं, तर मी तुला माफ केलं असतं." आणि थोड्या वेळानं, "मला काहून सांगून राहिलीस? तिच्या सासूला सांग."

मी कनेरगावला गेले. सासू अंगणात बसली होती. शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून लेकराच्या तोंडात पिळत होती. मला बघून उठली. "या बाई. तुमी लई तकलीफ घेतली आमच्यासाठी," म्हणाली आणि कौतुकानं लेकरू माझ्यापुढं धरलं.

मी ते घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"हातानं कुठं माणूस मरतंय?" ती म्हणाली. "तिची जिंदगीच तेवढी."

"न्हाई मावशी. माझ्या हाताला पू व्हता. तो तिच्या अंगात गेला."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. "तुला माहीत व्हतं, असं व्हतंय म्हणून?"

"व्हय."

तिनं लेकरू छातीशी ओढून घेतलं, माझ्याकडं पाठ केली आणि आत गेली. दार लावल्याचा आवाज आला. ती ओरडली असती, तर बरं झालं असतं.

बाईंनी मला काढलं नाही. सहा महिने बाळंतिणीला हात लावू दिला नाही, चादरी उकळायला लावल्या. नंतर मी सुईण झाले आणि पुष्कळ वर्षं ते काम केलं. ते लेकरू जगलं, एवढं मला व्यापाऱ्याच्या मुलीकडून कळलं. त्या गावात मी पुन्हा कधी गेले नाही.