कुनैनचा घोट
जिभेवर कडू काही आलं की नांदेडचा सरकारी दवाखाना आठवतो. निजामाचं राज्य संपत आलेलं, आणि मी तिथं कंपाउंडरीचं काम शिकत होतो. अर्धापूरच्या एका म्हाताऱ्याच्या हिवतापाच्या औषधात माझ्या हातून दुप्पट कुनैन पडलं. बाटली त्याच्या हातात गेल्यावर ते ध्यानात आलं, पण शेजारीच मला काम शिकवणारे आमचे उस्ताद उभे होते. चूक कळली असती तर त्यांनी मला हाकललंच असतं. म्हातारा म्हणाला, "लेकरा, आधी तू पी. मंग मी नेतो." दवाखान्यातल्या औषधावर तेव्हा खेड्यातल्या माणसांचा भरवसा नसे, ती असंच म्हणत. "पी ले," उस्ताद म्हणाले. मी एक घोट घेतला आणि हसून दाखवलं. म्हातारा निवांत गावाकडं निघाला. संध्याकाळी, कुनैन जास्त झालं की वाजतात तसे माझे कान वाजू लागले, आणि त्याच्या बाटलीत तर अजून पाच घोट होते. आता मी त्याच्याच वयाचा आहे. औषध देणारा हसला की मला भीती वाटते.