बायको चंद्राला वळसा घालून येणार होती

आमचं अहमदपूरला मोंढ्याच्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान आहे आणि बायको गावातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. काही वर्षांमागं एका परदेशी धनिकानं चंद्राकडं जाणारं अख्खं यान स्वतःसाठी बुक केलं आणि सोबतच्या जागा जगभरातल्या लोकांना फुकट देणार, असं जाहीर केलं. ती बातमी मीच पेपरात वाचून तिला सांगितली होती, हसत हसत. ती हसली नाही. तिनं अर्ज केला आणि पहिल्या चाळणीत तिचं नाव टिकलं, हे मला तिच्या शाळेतल्या शिपायाकडून कळलं. तो दुकानात कुकरची शिट्टी घ्यायला आला होता. "मालक, मॅडम चंद्रावर चालल्या म्हणं," म्हणाला. मी मान डोलावत "हाव" म्हणालो, जसं काही मला ठाऊकच होतं.

घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, नक्की झाल्यावर सांगणारच होते. शिवाय चंद्रावर उतरायचं नव्हतंच. नुसतं मागच्या बाजूनं फिरून परत यायचं, जाऊन येऊन आठवडाभराचं काम. दिवाळीला उदगीरला माहेरी राहते, जवळपास तेवढंच. पण माहेरी जाताना ती माझे डबे, दुधाचा हिशोब, सगळं लावून जाते. या वेळी तसलं काहीच बोलली नाही.

मला वाटलं, अव्वा तिला अडवील. आईला आम्ही अव्वा म्हणतो. रोज आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती चहाचा घोटही घेत नाही, आणि सुनेनंही तसंच करावं असा तिचा आग्रह. मीच मुद्दाम विषय काढला की तिथं आंघोळीची सोय नसते.

"मग गं?" अव्वानं सुनेला विचारलं.

"पाणी खाली पडतच न्हाई अव्वा तिथं. ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचं."

अव्वानं जरा विचार केला. "दवाखान्यात होते तवा मी बी पुसूनच पूजा केली की," म्हणाली. "पन लिंग गळ्यातच बांधून ठेव. हातातनं सुटलं तर तरंगत जाईल म्हणती ना तू."

झालं. घरात माझ्या बाजूनं कुणी उरलं नाही.

मग कागदपत्रं सुरू झाली. यान परदेशातून उडणार म्हणून पासपोर्ट. लातूरला जाऊन हृदयाची, कानाची, डोळ्यांची तपासणी. डॉक्टरांनी मलाही सहज तपासलं आणि माझा रक्तदाब वाढलेला निघाला. तिचं सगळं चोख होतं. येताना गाडीत ती मला मीठ कमी करायला सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती, की आपल्याला तर असंही कुणी नेलं नसतं.

निवड पुढं सरकली तसे देशातले उरलेले उमेदवार फोनवर एकमेकांशी बोलायला लागले. त्यातला एक कोचीचा फोटोग्राफर. तिकडं उलटीची गोळी कोणती चालते, झोपताना अंग पट्ट्यानं बांधून घ्यावं लागतं का, एवढ्या लोकांत एकच संडास कसा पुरणार, असलं त्यांचं बोलणं. त्यात मला राग यावा असं काही नव्हतं. पण ती इंग्रजीत बोलताना आवाज वेगळा लागायचा, भरभर, आणि मध्येच हसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तसलं हसणं मी ऐकलं नव्हतं. मी हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती उठून गच्चीवर जायची.

शेवटच्या निवडीसाठी एक व्हिडिओ पाठवायचा होता. तो मी काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत, तिच्याच फोनवर. मी कोण, मला का जायचंय, हे सांगायचं होतं. ती इंग्रजीत बोलली ते बरंचसं मला समजलं. वडिलांनी लहानपणी अंगणात बसवून ग्रहण दाखवलं ते सांगितलं. शाळेतल्या पोरी सांगितल्या. चंद्राची पाठ आपल्याला इथून कधीच दिसत नाही, ती एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघायची आहे, म्हणाली. चांगलं बोलली. मी आवाज नीट आला नाही म्हणून परत बोलायला लावलं. आवाज नीट आला होता. दुसऱ्यांदाही तिनं तेच सांगितलं.

"माझं कुठं काय आलं न्हाई त्यात," मी फोन परत देत म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. टोमणा वगैरे नव्हता तिच्या बोलण्यात, खरंच विचारत होती. "तुमचं काय सांगू?"

मी प्रयोगशाळेचे पंखे बंद करायला लागलो.

पुढं बरेच महिने काहीच कळलं नाही, आणि मग एका सकाळी निरोप आला की सहलच रद्द. यान वेळेत तयार होत नाही, आणखी किती वर्षं लागतील सांगता येत नाही, म्हणून त्या धनिकानं नाद सोडला. ती शाळेला निघाली होती. निरोप वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि गेली. त्या दिवशी मी दुकानात लई खुशीत होतो, गिऱ्हाइकांना चहा पाजला. संध्याकाळी तिच्या आवडीची सीताफळं घेऊन आलो, तिला रडू आलं तर जवळ बसावं म्हणून. ती गच्चीवर फोनवर होती, कोचीच्या त्या माणसाशी. रडतच होती. मी चहा घेऊन वर गेलो, तर तिनं हातानंच कठड्यावर ठेवा म्हणून खुणावलं.

यंदा हिवाळ्यात तो माणूस गुरुद्वाऱ्याचे फोटो काढायला नांदेडला आला. ती म्हणाली, भेटून येऊ. मी नको म्हणालो असतो तर ती बसनं एकटी गेली असती, म्हणून दुकान बंद ठेवून गाडी काढली. स्टेशनजवळच्या हॉटेलात तिघं जेवलो. माझ्यापेक्षा वयानं लहान, दाढी राखलेला, सभ्य माणूस. वाईट काही दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. दोघं बोलत राहिले. आता दुसऱ्या कंपन्या तिकिटं विकायच्या गोष्टी करतात, पण ते श्रीमंतांचं काम, फुकटची जागा परत कोण देणार. मी भाकरी मोडत ऐकत होतो. मध्येच त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत मला विचारलं, तुम्ही गेला असतात का.

"जाता ना," मी म्हणालो. "पूछा किसने?"

बायकोचा हात ताटातच थांबला. परत येताना लोहा गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं, "खरं बोललात का तुम्ही मघाशी?"

मी "हाव" म्हणालो. खरं होतं, की नुसतं त्याच्यापुढं कमी पडायचं नाही म्हणून बोललो, ते मला अजूनही सांगता येत नाही. मग ती आपणहूनच सांगायला लागली, यान चंद्रामागं गेलं की पृथ्वीशी बोलणं कसं तुटतं, तेवढा वेळ इकडचं कुणीच ऐकू येत नाही. गावात शिरेपर्यंत सांगत होती. मी मध्ये मध्ये विचारत होतो.

त्या माणसाचे मेसेज अजून येतात. फोन वाजला की मी आधी तिच्या तोंडाकडं बघतो.