पोळपाटावरचं रुखवत
चीजचा आंबूस वास आला, की मला मंगरूळपीरला बदली झाली तेव्हाची ती भाड्याची खोली आठवते. नव्या शेजारणींना पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं. पुण्याहून बर्फात घालून आणलेलं चीज मी पोळपाटावर पंख्यासारखं मांडलं, मध्ये द्राक्षं, कडेने अक्रोड. शेजारणी वाकून बघत राहिल्या. "लग्नातल्या रुखवतावानी मांडलं तुमी, म्याडम! हे मोडाचं कायले?" एकीने फोटोही काढला. ते खायचंच आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. वरणभात जेवून सगळ्या हसत घरी गेल्या. ते चीज मग आठवडाभर मी एकटीनेच पोळीशी संपवलं. अजूनही पाहुण्यांसाठी चीज मांडलं, की एक कोपरा आधीच तोडून ठेवते, कुणीतरी खाऊन गेल्यासारखा.